जुन्या कॉम्प्युटरवर सारखी डिस्क एरर येते: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही प्रश्नोत्तरं घरातल्या, बरीच वर्षं चाललेल्या डेस्कटॉप आणि लॅपटॉपसाठी आहेत. बहुतेक ठिकाणी विंडोज गृहीत धरली आहे. लिनक्सवर काही वेगळं असेल तर तसं सांगितलं आहे. घाई असेल तर पहिले दोन प्रश्न वाचा आणि बाकीचं वाचून होईपर्यंत कॉम्प्युटर बंद ठेवा.

डिस्क एरर पहिल्यांदाच दिसली. आधी काय करू?

फाइली बाहेर काढा. स्कॅन, रिपेअर, फॉरमॅट, विंडोज पुन्हा टाकणं, हे सगळं त्यानंतर. डिस्क खरंच जायला आली असेल तर ती अजून किती वेळ वाचता येईल याचा भरवसा नसतो. तो वेळ तपासण्यांवर घालवला, की फोटो काढायच्या वेळी ती हात वर करते.

ज्या फाइली दुसरीकडे कुठेच नाहीत त्या आधी उचला: फोटो, स्कॅन केलेली कागदपत्रं, हिशेबाच्या शीट, ब्राउझरमधले पासवर्ड. सिनेमे, डाउनलोड आणि प्रोग्राम मागे राहिले तरी बिघडत नाही. कॉपी करताना एखाद्या फाइलवर गाडी अडली तर ‘पुन्हा प्रयत्न’ दाबत बसू नका, ती सोडून पुढे जा. अडलेल्या एका फाइलपायी डिस्क झगडत राहते आणि मागच्या हजार चांगल्या फाइली ताटकळतात.

आणि कॉपी दुसऱ्या डिस्कवर घ्या. ‘सी ड्राइव्हला एरर आहे म्हणून सगळं डीवर हलवलं’ हे फार ऐकू येतं. बहुतेक घरगुती मशीनमध्ये सी आणि डी ही एकाच डिस्कची दोन पार्टिशन, म्हणजे पाडलेले दोन भाग, असतात. डिस्क गेली की दोन्ही एकदम जातात.

सुरू होतानाच ‘ड्राइव्ह तपासत आहे’ असं येतं. ते चालू द्यायचं का?

फाइली बाहेर काढल्या असतील तर चालू द्या. नसतील तर त्या पडद्यावर काही सेकंदांची उलटी मोजणी दिसते, तेवढ्यात कुठलीही की दाबली की तपासणी टळते. ती टाळून आत शिरा, फाइली काढा, मग पुढच्या वेळी होऊ द्या.

हा पडदा आला म्हणजे डिस्क खराबच झाली असं नाही. वीज अचानक गेली किंवा बटण दाबून मशीन बंद केलं, की विंडोज त्या पार्टिशनवर ‘नीट बंद झालं नाही’ अशी खूण ठेवते आणि पुढच्या वेळी तपासणी करते. वीज गेल्यावर एकदा आलं तर साहजिक आहे. नीट शटडाउन करूनही दर वेळी येत असेल, तर पुढचे प्रश्न तुमच्यासाठीच आहेत.

चेकडिस्क केलं की दोन दिवस बरं चालतं, मग पुन्हा तेच. असं का?

कारण चेकडिस्क, म्हणजे विंडोजची डिस्क तपासणारी आज्ञा, मुख्यतः फाइल सिस्टिम दुरुस्त करते. कुठली फाइल कुठे ठेवली आहे याची जी नोंदवही डिस्कवर असते, तिच्यातल्या नोंदी ते जुळवतं. वहीचा कागदच फाटत चालला असेल तर नोंदी कितीदा जुळवल्या तरी उद्या पुन्हा चुकणार.

त्यातही दोन प्रकार आहेत. आज्ञेपुढे ‘स्लॅश एफ’ लावलं की फक्त नोंदी दुरुस्त होतात, हे सहसा लवकर आटपतं. ‘स्लॅश आर’ लावलं की नोंदी तर दुरुस्त होतातच, शिवाय डिस्कचा प्रत्येक सेक्टर, म्हणजे डेटा ठेवायचा छोटा कप्पा, वाचून बघितला जातो आणि जो वाचता येत नाही त्याच्यावर ‘वापरू नये’ असा शिक्का बसतो. मोठ्या जुन्या डिस्कवर याला कित्येक तास लागतात. मरायला टेकलेल्या डिस्कला ‘स्लॅश आर’ लावणं म्हणजे तिला सगळ्यात जड काम सगळ्यात वाईट वेळी देणं. बऱ्याच ठिकाणी हा पहिला उपाय म्हणून सांगितला जातो. माझ्या मते बॅकअप हातात नसताना तो करूच नये.

आणखी एक गोष्ट: चेकडिस्क नोंदी जुळवताना डेटा वाचवण्यापेक्षा नोंदी सुसंगत करण्याला जास्त महत्त्व देतं. ज्या तुकड्यांचा मालक सापडत नाही ते ‘फाउंड’ आणि पुढे तीन शून्यं अशा नावाच्या लपलेल्या फोल्डरमध्ये टाकतं. फाइलींची मूळ नावं जातात. तपासणीनंतर एखादं फोल्डर रिकामं दिसलं तर आधी तिथे बघा.

ती तपासणी काय म्हणाली ते मी वाचायच्या आतच विंडोज सुरू झाली. रिपोर्ट कुठे मिळेल?

इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजने ठेवलेल्या नोंदी दाखवणारा प्रोग्राम) उघडा, विंडोज लॉग्जमध्ये ॲप्लिकेशन निवडा आणि विनइनिट या सोर्सची १००१ नंबरची नोंद शोधा. सगळा रिपोर्ट तिथे असतो. त्यात ‘बॅड सेक्टर्स’मध्ये किती केबी आहेत ती ओळ बघा. शून्य असेल तर बरं. आकडा असेल तर तो लिहून ठेवा, पुढच्या तपासणीशी ताडून बघायला लागेल.

एरर नेमकी कुठल्या डिस्कची आहे हे कसं कळतं?

त्याच इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, पण या वेळी सिस्टिम लॉगमध्ये. ‘डिस्क’ या सोर्सच्या लाल-पिवळ्या खुणांच्या नोंदी बघा. नेहमी भेटणारे नंबर असे: ७ म्हणजे डिस्कवर बॅड ब्लॉक सापडला, ११ म्हणजे कंट्रोलरची (डिस्कचा कारभार बघणाऱ्या सर्किटची) एरर, ५१ म्हणजे पेजिंग करताना (रॅम आणि डिस्क यांच्यात डेटा हलवताना) अडचण आली, १५३ म्हणजे वाचण्या-लिहिण्याचं काम पुन्हा करून बघावं लागलं. एनटीएफएस (विंडोजची नेहमीची फाइल सिस्टिम) सोर्सची ५५ नंबरची नोंद म्हणजे फाइल सिस्टिमची रचना बिघडली. ७ आला तर संशय डिस्कवर जास्त. ११ आणि १५३ मागे केबल किंवा वीजही असू शकते. ५५ एकटाच येत असेल तर रॅम आणि अचानक बंद होणं हेही तपासा.

आता खरी मेख. नोंदीत ‘हार्डडिस्क’ आणि त्याला चिकटून एक आकडा असतो, पुढे ‘डीआर’ आणि आणखी एक आकडा. हार्डडिस्कच्या पुढचा आकडा डिस्क मॅनेजमेंट या विंडोजच्या पडद्यावरच्या ‘डिस्क ०’, ‘डिस्क १’ याच्याशी जुळतो. घरगुती मशीनमध्ये शून्य म्हणजे बहुधा आतली डिस्क, आणि एक किंवा दोन म्हणजे तेव्हा लावलेला पेनड्राइव्ह किंवा कार्ड रीडर. लोक ‘हार्डडिस्क १’ची नोंद बघून आतली डिस्क बदलतात आणि एरर चालूच राहते, कारण ती पहिल्यापासून पेनड्राइव्हची होती. ‘इजेक्ट’ न करता पेनड्राइव्ह ओढून काढल्यावरही अशा नोंदी पडतात. म्हणून नोंदीची वेळ बघा आणि त्या वेळी काय लावलेलं होतं ते आठवा.

स्मार्टचे इतके आकडे दिसतात. बघायचं कशाकडे?

स्मार्ट म्हणजे डिस्कने स्वतःच ठेवलेली तब्येतीची नोंद. विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो, लिनक्सवर स्मार्टमॉनटूल्स, दोन्ही फुकट आहेत. पंचवीसेक ओळी दिसतात, पण फिरत्या हार्ड डिस्कसाठी चार ओळी पुरेत.

०५, रिअलोकेटेड सेक्टर: खराब झालेले आणि राखीव जागेतल्या सेक्टरने बदललेले. सी५, करंट पेंडिंग सेक्टर: वाचताना अडचण आली, निकाल अजून लागायचा आहे असे. सी६, अनकरेक्टेबल: वाचता किंवा दुरुस्त करता न आलेले. सी७, सीआरसी एरर: डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामध्ये, म्हणजे वाटेत, डेटा बिघडल्याच्या घटना. काही प्रोग्राम हेच आकडे ५, १९७, १९८ आणि १९९ असे दाखवतात.

क्रिस्टलडिस्कइन्फोमधली एक खोच लक्षात ठेवा. शेवटचा, रॉ व्हॅल्यूजचा स्तंभ सोळा अंकी पद्धतीत असतो. तिथे शेवटी १० दिसलं तर ते दहा नसून सोळा आहेत. मेनूमध्ये फंक्शन, मग ॲडव्हान्स्ड फीचर, मग रॉ व्हॅल्यूज इथे जाऊन दशमान निवडा, म्हणजे गोंधळ होणार नाही. आणि काही कंपन्यांच्या, विशेषतः सीगेटच्या डिस्कवर रीड एरर रेट आणि सीक एरर रेटपुढे कोट्यवधींचा आकडा दिसतो. तो बघून घाबरू नका, त्यात एकूण कामांची संख्याही मिसळलेली असते.

स्मार्ट ‘गुड’ दाखवतंय, तरी एरर येतेच. मग डिस्क चांगली धरायची का?

नाही. ‘गुड’ हा शेरा कुठलीतरी मर्यादा अजून ओलांडली नाही एवढंच सांगतो. गूगलच्या अभियंत्यांनी २००७ मध्ये स्वतःच्या एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. बंद पडलेल्या डिस्कपैकी ३६ टक्क्यांहून जास्त डिस्कच्या स्मार्टमध्ये, तापमान सोडलं तर, कसलाच इशारा नव्हता. उलट बाजूही त्याच अभ्यासात आहे: ज्या डिस्कवर पहिली स्कॅन एरर (डिस्कने स्वतःचा पृष्ठभाग तपासताना सापडलेली चूक) आली, ती पुढच्या ६० दिवसांत बंद पडण्याची शक्यता तशी एरर नसलेल्या डिस्कच्या ३९ पट होती. म्हणजे स्मार्ट वाईट बोललं तर ऐका, आणि चांगलं बोललं तर खात्री धरू नका.

रिअलोकेटेडचा आकडा ८ आहे. डिस्क बदलायलाच हवी का?

आकड्यापेक्षा त्याची चाल महत्त्वाची. आठ सेक्टर वर्षभर आठच राहिले तर कधीतरी धक्का लागला असेल किंवा पृष्ठभागावर एक डाग असेल, अशी डिस्क पुढे बरीच चालू शकते. सोमवारी आठ, शुक्रवारी चोवीस, पुढच्या आठवड्यात शंभर, असं असेल तर नवी डिस्क आणायला निघा. आज स्मार्टच्या पडद्याचा फोटो काढून ठेवा, आठवड्याने पुन्हा काढा. एवढ्याने जे कळतं ते कुठल्याही पैसे घेणाऱ्या सॉफ्टवेअरने कळत नाही.

घरात एकच डिस्क असेल आणि तिच्यावरच सगळं असेल, तर मात्र मी आकडा वाढायची वाट बघणार नाही.

पेंडिंगचा आकडा १६ वरून ० झाला. डिस्क सुधारली?

कदाचित. पेंडिंग सेक्टरचा निकाल बहुधा त्यावर नवं काही लिहिलं गेलं की लागतो. लिहिणं जमलं आणि नीट वाचता आलं तर डिस्क तो सेक्टर चांगला धरते आणि पेंडिंग कमी होतो. लिहितेवेळी वीज गेली असेल तर सेक्टर अर्धवट राहतो, अशा वेळी हे असंच होतं. नाही जमलं तर सेक्टर बदलला जातो. म्हणून पेंडिंग शून्य झाल्यावर ०५ बघा. तो तितकाच वाढला असेल तर सुधारणा काही नाही, हिशेब एका खात्यातून दुसऱ्यात गेला.

सी७ वाढतोय, बाकी सगळं शून्य. काय बदलू?

डेटा केबल. या सगळ्या भानगडीतला सगळ्यात स्वस्त उपाय हाच, आणि बहुतेक जण सगळ्यात शेवटी करतात.

मशीन बंद करा, वायर भिंतीतून काढा, कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज जाऊ द्या. साटा ही डिस्क मदरबोर्डला जोडायची पद्धत; तिची डेटा केबल म्हणजे सात पिनांची चपटी, अरुंद केबल. तिचं टोक डिस्कच्या खोबणीत किती घट्ट बसतं ते बोटाने हलवून बघा. जुन्या केबलला धातूची अडकवणारी पट्टी नसते, त्यामुळे पंख्याच्या थरथरीने ती कणाकणाने सैल होत जाते. काटकोनात दुमडलेली किंवा कॅबिनेटच्या झाकणाने दाबलेली केबल तर सरळ बदलाच. नवी लावताना मदरबोर्डवरचं पोर्टही बदला, म्हणजे पोर्टचा दोषही तपासून होईल. त्याच वेळी कनेक्टरमधली धूळ कोरड्या ब्रशने काढा.

केबल बदलल्यावर सी७ कमी होणार नाही, तो आयुष्यभराचा बेरजेचा आकडा आहे. वाढायचा थांबला, की काम झालं.

पॉवर सप्लायमुळे डिस्क एरर येऊ शकते?

हो, आणि जुन्या डेस्कटॉपमध्ये याकडे फार दुर्लक्ष होतं. साडेतीन इंची डिस्कची मोटर १२ व्होल्टवर चालते, सर्किट ५ व्होल्टवर. पॉवर सप्लायमधले कपॅसिटर (वीज साठवणारे छोटे नळकांड्यासारखे भाग) वयानुसार उतरतात, मग गेम सुरू केला किंवा डीव्हीडी घातली की व्होल्टेज क्षणभर कोसळतं आणि डिस्क मध्येच नव्याने सुरू होते. अशा वेळी डिस्कमधून एकदा ‘क्लिक’ आणि मग फिरायला लागल्याचा चढता आवाज येतो, पडदा काही सेकंद थिजतो.

१२ व्होल्टची लाइन ५ टक्के खालीवर चालते, म्हणजे ११.४ ते १२.६. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणाऱ्या, मदरबोर्डच्या सेटिंगच्या पडद्यावर) आकडा दिसतो, पण तो मशीन मोकळं असतानाचा, शिवाय फारसा अचूक नसतो. खरी परीक्षा म्हणजे दुसरा चांगला सप्लाय लावून बघणं. मदरबोर्डवर डोकं फुगलेले किंवा तपकिरी पाझर आलेले कपॅसिटर दिसले तर उत्तर तिथेच मिळालं. सप्लायचा डबा स्वतः उघडू नका, वायर काढल्यावरही त्यात धोकादायक वीज उरलेली असते. एका पॉवर वायरला स्प्लिटर लावून दोन-तीन गोष्टी जोडल्या असतील तर डिस्कला स्वतंत्र वायर द्या.

डिस्क बदलली, केबल बदलली, तरी फाइली खराब होतात.

मग रॅम तपासा. फाइल लिहिली जाण्याआधी रॅममधून जाते. तिथे एक बिट उलटला तर डिस्क इमानेइतबारे चुकीचीच गोष्ट लिहिते, आणि आळ तिच्यावर येतो. झिप उघडताना चुका येणं, तीच फाइल दोनदा कॉपी केल्यावर वेगळी निघणं, निळा पडदा दर वेळी वेगळं कारण सांगणं, ही रॅमची लक्षणं. मेमटेस्ट८६+ पेनड्राइव्हवर टाकून रात्रभर चालवा. एकही चूक आली तरी ती खरी धरा. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून दोषी शोधा.

घड्याळ मागे जातं आणि कधीकधी ‘बूट डिव्हाइस नाही’ असं येतं. याचा डिस्कशी संबंध आहे?

डिस्कशी नाही, मदरबोर्डवरच्या नाण्याएवढ्या सेलशी आहे. तो बहुतेक मशीनमध्ये सीआर२०३२, ३ व्होल्टचा असतो. तो संपला की बायोसची सेटिंग विसरली जातात. त्यात साटाचा मोड (डिस्कशी बोलायची पद्धत) एएचसीआयवरून जुन्या आयडीईवर गेला किंवा बूटचा क्रम बदलला, की धडधाकट डिस्कवरची विंडोजही सुरू होत नाही. सेल बदला, बायोसमध्ये मोड पूर्वीसारखा करा. डिस्क फॉरमॅट करायला सांगणाऱ्याला आधी घड्याळ दाखवा.

डिस्कमधून टक-टक आवाज येतो.

लगेच बंद करा. सारखी ठरावीक तालावर टकटक म्हणजे हेड आपली जागा शोधतं आहे आणि सापडत नाही. हेड आणि तबकडी यांच्यात काही नॅनोमीटरचंच अंतर असतं. हेड बिघडलं असेल तर प्रत्येक फेरीला पृष्ठभाग खरवडला जाऊ शकतो. डेटा मोलाचा असेल तर डेटा रिकव्हरीचं काम करणाऱ्यांकडेच द्या, तिथे धूळविरहित जागेत डिस्क उघडतात. घरी झाकण उघडणं, फ्रीजरमध्ये ठेवणं, टपली मारणं, हे उपाय विसरा. फ्रीजरमधून काढल्यावर आत दव धरतं आणि उरलीसुरली आशाही जाते.

एरर काहीच नाही, पण मशीन मध्येच अर्धा मिनिट थिजतं.

घरगुती डिस्क एखादा सेक्टर वाचता आला नाही तर चटकन हार मानत नाही, तोच सेक्टर पुन्हा पुन्हा वाचते. तेवढा वेळ विंडोज वाट बघत बसते. शेवटी वाचता आलं तर एरर कधी दिसतच नाही, फक्त खोळंबा दिसतो. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के आणि वेग जवळपास शून्य असं दिसलं, आणि लॉगमध्ये १५३च्या नोंदी असल्या, तर हेच चाललं आहे.

डिस्क १०० टक्के आणि वेगही बऱ्यापैकी असेल तर मात्र ती फक्त कामात आहे. अपडेट, अँटीव्हायरस किंवा कमी रॅम ही कारणं आधी बघा.

फॉरमॅट केल्यावर बॅड सेक्टर जातात का?

क्विक फॉरमॅटने काहीच तपासलं जात नाही, फक्त नोंदवही कोरी होते. फुल फॉरमॅट व्हिस्टापासून सगळीकडे शून्यं लिहितं, त्यामुळे पेंडिंग सेक्टरचा निकाल लागतो आणि खराब सेक्टर बदलले जातात. त्यानंतर डिस्क स्वच्छ दिसते. झीज होते तशी चालूच राहते. ‘बॅड सेक्टर बरे करणारी’ सॉफ्टवेअरही मुळात वाचणं-लिहिणंच करतात. त्यांच्यावर पैसे घालण्यापेक्षा ते नव्या डिस्कसाठी ठेवा.

एरर फक्त यूएसबीच्या बाहेरच्या डिस्कवर येते.

आधी केबल, मग पोर्ट, मग हब. अडीच इंची बाहेरची डिस्क सगळी वीज यूएसबीतून घेते. जुन्या मशीनचं पुढचं पोर्ट किंवा बिनअडॅप्टरचा हब तिला पुरत नाही. मागच्या, मदरबोर्डवरच्या पोर्टला थेट आखूड केबलने लावून बघा. दुसऱ्या कॉम्प्युटरवर ती बिनतक्रार चालली तर डिस्कला दोष देऊ नका.

डिस्क जेमतेम चालते आहे. सगळी कॉपी कशी काढू?

फाइली एकेक कॉपी होत नसतील तर पूर्ण डिस्कची प्रत काढायची. यासाठी लिनक्सवरचं ग्नू डीडीरेस्क्यू वापरा, लाइव्ह पेनड्राइव्हवरून, म्हणजे लिनक्स डिस्कवर न टाकता, चालतं. त्याचं वैशिष्ट्य असं की जे सहज वाचता येतं ते आधी उचलतं, अडलेले भाग सोडून पुढे जातं आणि शेवटी त्यांच्याकडे वळतं. काय वाचलं आणि काय राहिलं याची नोंद ते मॅप फाइलमध्ये ठेवतं. मध्येच डिस्क गरम झाली, बंद करावी लागली, तरी तीच मॅप फाइल दिली की पुढून सुरू होतं. म्हणून मॅप फाइल न विसरता द्या, आणि ती खराब डिस्कवर ठेवू नका.

स्रोत कुठला आणि नवी डिस्क कुठली हे क्षमतेवरून आणि सीरियल नंबरवरून दोनदा तपासा. उलटं दिलं तर कोऱ्या डिस्कची प्रत तुमच्या फोटोंवर बसेल. फाइल सिस्टिमची दुरुस्ती नंतर प्रतीवर करा, मूळ डिस्कला हात लावू नका.

अशी प्रत नव्या डिस्कवर वापरायला घेतली की एक गंमत होते: नव्याकोऱ्या डिस्कवरही चेकडिस्क बॅड सेक्टर दाखवतं. ती जुन्या डिस्कची यादी असते, प्रतीसोबत आलेली. चेकडिस्क ‘स्लॅश बी’ने चालवलं की ते सेक्टर पुन्हा तपासून यादी नीट होते.

लॅपटॉपची डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली तर फाइली दिसतील?

बहुतेक वेळा हो, साटा-यूएसबी अडॅप्टरने. साडेतीन इंचीसाठी वेगळा वीजपुरवठा असलेला अडॅप्टर लागतो. पण डिस्कवर बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं एन्क्रिप्शन) चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाईल. ती मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असू शकते. मशीन अजून सुरू होतं आहे तोवरच ती शोधून कागदावर उतरवून ठेवा.

माझ्याकडे एसएसडी आहे. हेच सगळं लागू होतं?

केबल, वीज, रॅम हे सगळं लागू. एसएसडीत फिरती तबकडी नसते, चिप असतात, म्हणून टकटक नाही. एसएसडी बऱ्याचदा इशारा न देता जाते: आज आहे, उद्या बायोसमध्ये दिसतच नाही. काही फक्त वाचता येतील अशा अवस्थेत जातात, तेव्हा फाइली काढून घ्यायची संधी असते. डिलीट केलेल्या फाइली परत मिळवण्याची आशा एसएसडीवर फार कमी, कारण ट्रिममुळे (विंडोज एसएसडीला ‘ही जागा आता नको’ असं कळवते त्यामुळे) त्या जागा आतून रिकाम्या केल्या जातात. स्मार्टमध्ये ‘उरलेलं आयुष्य’ टक्क्यांत दिसतं, ते लिहिण्याच्या झिजेचं असतं. कंट्रोलर कधी जाईल ते त्यातून कळत नाही. जुनी एसएसडी अधूनमधून गायब होत असेल तर बॅकअप घेऊन तिच्या फर्मवेअरसाठी (डिस्कच्या आतल्या प्रोग्रामसाठी) अपडेट आहे का बघा.

नवी डिस्क जुन्या मशीनला चालेल?

अडीच इंची साटा एसएसडी बहुतेक साटा मशीनला चालते. जुनं पोर्ट हळू असलं तरी फिरत्या डिस्कच्या मानाने फरक डोळ्यांना दिसतो. मदरबोर्डवर साटाच नसेल, रुंद रिबनची आयडीई केबल असेल, तर त्यावर आणखी खर्च करू नका.

फक्त क्षमतेकडे लक्ष द्या. जुन्या बायोसवर विंडोज एमबीआर (डिस्कचे भाग नोंदवायची जुनी पद्धत) असलेल्या डिस्कवरूनच सुरू होते, आणि एमबीआरला २ टेराबाइटच्या पलीकडचं दिसत नाही. त्यामुळे त्याहून मोठी डिस्क सिस्टिमसाठी घेऊ नका. आणि सारख्या एरर देणाऱ्या विंडोजची प्रत नव्या डिस्कवर नेण्यापेक्षा विंडोज नव्याने टाकणं मला जास्त पटतं, खराब झालेल्या सिस्टिम फाइली सोबत येत नाहीत. विंडोज १०चा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. मशीन ११ घेत नसेल तर लिनक्सचा विचार करायची हीच वेळ.

काढलेल्या जुन्या डिस्कचं काय करू?

०५ किंवा सी५ वाढत होता तर तिच्यावर काहीच ठेवू नका, ‘फक्त सिनेमे’सुद्धा नकोत. यूएसबी डब्यात घालून ठेवलेल्या अशा डिस्कवर कधी ना कधी कामाची फाइल जाऊन बसतेच. दोष केबलचा निघाला असेल तर तीच डिस्क बॅकअपची दुसरी प्रत म्हणून चालेल. टाकून देण्याआधी चालत असेल तर पूर्ण पुसून घ्या, चालत नसेल तर झाकण उघडून तबकड्या निकामी करा. लॅपटॉपच्या डिस्कमध्ये त्या बऱ्याचदा काचेच्या असतात आणि टिचल्या की कण उडतात, तेव्हा डोळ्यांवर चष्मा हवा.

दुरुस्तीला न्यायचं ठरवलं तर सोबत काय द्यायचं?

स्मार्टच्या पडद्याचे तारखेसकट दोन फोटो, सिस्टिम लॉगमधल्या नोंदींचे नंबर, आणि आधी काय काय करून बघितलं ते. डेटा हवा आहे की फक्त मशीन चालू हवं आहे हे पहिल्याच वाक्यात सांगा आणि पावतीवर ‘परवानगीशिवाय फॉरमॅट करू नये’ असं लिहून घ्या. डिस्क बदलली तर जुनी परत मागा.